हजयात्रा, मोगलकालीन राजस्त्रियांची

सोळाव्या-सतराव्या शतकांत मोगल व दख्खनी राजघराण्यांतील स्त्रियांनी मक्का-मदिनेस केलेल्या सागरी यात्रा. हुमायूनची विधवा बेगा बेगम अकबराच्या कारकिर्दीच्या पूर्वार्धात हज करून आली व पुढे हाजी बेगम याच नावाने ओळखली गेली. सर्वांत मोठा काफिला बाबराची कन्या गुलबदन बेगम (सु. १५२३–१६०३) हिचा. तो १५७५ मध्ये फतेपूर सीक्रीहून निघाला. त्यात अकबराची पत्नी सलीमा सुलतान बेगम होती. बाबराच्या जनानखान्यातील गुलनार आगाही होती.

सुरतेस काफिला सुमारे वर्षभर अडकला, तो कार्ताझपायी. या पोर्तुगीज सागरी परवान्याचे शुल्क किरकोळ असे. पण तो घेतलेल्या जहाजाला पोर्तुगीज ठाण्यात थांबून जकात भरावी लागे, खरी मेख तिथे होती. परवान्यावर येशू व मेरी यांची चित्रे, म्हणून तो बाळगणे मूर्तिपूजेसारखे. खुष्कीच्या वाटेवर इराणी शियांचा उपद्रव. सबब हज बंधनकारक नाही, असा निर्वाळा मखदूम-उल-मुल्क या दरबारी धर्मपंडिताने दिल्याचे अकबरकालीन इतिहासकार बदायुनी सांगतो. बदायुनीचा सूर टीकेचा आहे, हे ध्यानात घ्यावे. परवान्यापोटी बेगमेने दमणजवळचे बुटसर गाव पोर्तुगीजांना दिले व परतल्यावर ते काढून घेण्याचा हुकूम सोडला, असे जेझुइट पाद्री मोन्सेराते लिहितो. बुटसर म्हणजे वलसाड, हा तर्क मुख्यतः नामसादृश्यावर उभा आहे.

१५७६ च्या ऑक्टोबरात जहाजे सुटली. हेजाझात (मक्का-मदिनेच्या अरबी प्रदेशात) तीन-साडेतीन वर्षे मुक्काम व चार वेळा हज झाला. परतीचे कारण वादग्रस्त आहे. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फज्ल याच्या वृत्तांतात कटुतेचा मागमूस नाही. उलट तुर्की दप्तरातील हेजाझवर सत्ता असलेला उस्मानी सुलतान तिसरा मुराद याच्या फर्मानांत या मंडळींमुळे गर्दी व टंचाई होत असल्याची तक्रार असून त्यांना परत धाडण्याची आज्ञा आहे. दरबारी इतिहासापेक्षा दप्तराचा पुरावा अधिक ग्राह्य वाटतो. वाटेत अदनजवळ जहाज फुटले. तेथील मुक्काम कोणी सात महिने, कोणी वर्षभर सांगतात. १५८२ मध्ये काफिला सीक्रीस पोहोचला. बेगमेच्या हुमायूननामा या आठवणींच्या ग्रंथाची ज्ञात प्रत यात्रेपूर्वीच्या काळातच खंडित होते.

दख्खनेत विजापूरच्या मुहम्मद आदिलशहाची विधवा बडी साहेबा ठळक. अफजलखानाच्या स्वारीवेळी दरबाराची सूत्रे हिच्याकडे होती. मराठी वाचकांना ती बडी बेगम म्हणून परिचित आहे. १६६०–६१ च्या सुमारास ती वेंगुर्ल्याहून डच जहाजाने येमेनमधील मोखा बंदराकडे गेली. वेंगुर्ल्यास डचांची वखार १६३७ पासून होती आणि एव्हाना पोर्तुगीजांचा सागरी मक्ता ढिला पडला होता.