नंबर गेला, लांबट डोळा राहिला

लेझरने मायनस नंबर घालवला की डोळा निर्दोष झाला, असा समज सर्रास आढळतो. ही शस्त्रक्रिया डोळ्याच्या दर्शनी पारपटलावर होते. ज्यामुळे बहुधा नंबर आलेला असतो तो लांबट नेत्रगोल तसाच राहतो आणि त्याच्या आतले दृष्टिपटल, म्हणजे बोलीतला ‘पडदा’, कडेला ताणलेलाच राहतो. त्या कडेवर काहींना जाळीसारखे विरळ पट्टे असतात; डॉक्टर त्यांना लॅटिस डीजनरेशन म्हणतात. शंभरांत सहा ते आठ जणांत ते सापडतात, मायनस नंबरवाल्यांत अधिक.

मुळात हा पडदा मागच्या थराला सांधलेला नसतोच. गर्भात डोळा दुपदरी पेल्यासारखा घडतो. आतल्या पदराचा पडदा होतो, बाहेरच्या पदराचा रंगद्रव्याच्या पेशींचा थर, आणि मधली फट मिटली तरी बुजत नाही. या पेशी फटीतले पाणी मागच्या रक्तवाहिन्यांकडे अखंड उपसत असतात आणि मुख्यतः त्या ओढीने पडदा जागेवर राहतो. पडद्यापुढच्या पोकळीत सुमारे 4 मिलिलिटर जेली असते. वयानुसार, आणि मायनस नंबर असल्यास लवकर, ती पातळ होते, आक्रसते व पडद्यापासून सुटते. बहुतेकांत हे निर्विघ्न पार पडते. पण लॅटिसच्या पट्ट्यांच्या कडांना जेलीचे तंतू घट्ट धरून असतात, त्यामुळे सुटताना सारा हिसका तिथेच बसतो आणि पडदा घोड्याच्या नालेच्या आकारात फाटू शकतो. त्या चिरेतून पातळ द्रव मागे शिरतो, उपशापेक्षा आवक वाढते आणि ओल धरलेल्या भिंतीच्या पोपड्यासारखा पडदा सुटत जातो.

या छिद्रालाच रोगाचे मूळ मानून, तापवलेल्या हत्याराने ते बंद करण्याचा उपाय स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनँ यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ केला. आता चीर वेळीच सापडली, तर तिच्याभोवती लेझरचे डाग देतात; त्यांचे व्रण निसर्गाने न केलेला सांधा करतात. लॅटिस असलेल्या बहुतेकांचा पडदा आयुष्यभर सुटत नाही, म्हणून दिसला पट्टा की मार लेझर, हा उत्साहही अनाठायीच. आणि घरगुती उपाय म्हणून डोळ्यात घालतात ते मधाचे थेंब तर पडद्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

पडदा फाटताना दुखत नाही. अचानक चमका, काळ्या ठिपक्यांचा सडा, बाजूने सरकत येणारी सावली, एवढ्याच खुणा. त्या दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. पडद्याची कड नीट पाहण्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते, चष्म्याच्या दुकानातल्या नंबर-तपासणीत ती दिसत नाही.