‘अनुराधा’ (१९६०) : खेड्यातल्या डॉक्टरामागचा काळ

हृषीकेश मुखर्जींचा ‘अनुराधा’ आपल्याकडे संसाराची गोष्ट म्हणूनच पाहिला जातो. रेडिओवर गाजलेली गायिका लग्न करून खेड्यात येते, नवरा रुग्णांत बुडालेला, तिचं गाणं थांबतं. पण डॉ. निर्मल चौधरी (बलराज साहनी) इतका एकटा का, हे कळायला आधीची पंधरा वर्षं पाहावी लागतात.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल १९४६ साली आला. तेव्हा देशात सुमारे ४७,५०० डॉक्टर होते, म्हणजे ६,३०० माणसांमागे एक, आणि तेही बहुतेक शहरांत. त्यांतले जवळपास ३० हजार कमी मुदतीचा अभ्यासक्रम केलेले लायसेन्शिएट. यापुढे डॉक्टर एकाच दर्जाचा, पदवीधरच असावा, असं समितीने बहुमताने सुचवलं. एवढा तुटवडा असताना हा अभ्यासक्रम बंद करू नका, असं काही सदस्यांनी बजावलं होतं. ते ऐकलं गेलं नाही. ४० हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ही समितीची नजीकच्या काळासाठीची शिफारस होती. १९५२ नंतर केंद्रं उभी राहू लागली ती विकास गटामागे एक, म्हणजे ६० हजार ते एक लाख माणसांना मिळून.

अशा ठिकाणी वीज नसताना दवाखाना चालवणं सोपं नव्हतं. काचेची सिरिंज दरवेळी सुटी करून स्टोव्हवर उकळायची. नळी आणि दट्ट्या गार होण्याआधी एकत्र बसवले की काच तडकायची. सुई बोथट झाली की दगडावर घासून पुन्हा वापरात. मिक्स्चरच्या बाटलीवर कातरलेली कागदी पट्टी चिकटवायची, एक खाच म्हणजे एक डोस. पिंपरीच्या कारखान्यातून १९५५ पासून पेनिसिलिन निघू लागलं, पण साधं पेनिसिलिन दर काही तासांनी टोचावं लागतं आणि पाण्यात कालवलं की थंड जागा मागतं. दिवसातून एकदा पुरणारं प्रोकेन पेनिसिलिन खेड्यात मोलाचं ठरलं ते यामुळेच. रात्रीबेरात्री डॉक्टर घराबाहेर का, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

सचिन भौमिक यांच्या कथेचा दूरचा धागा फ्रेंच लेखक फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरीपर्यंत जातो. तिथला नवराही खेड्यातला वैद्य, दुय्यम परवान्याचा, आपल्या लायसेन्शिएटच्या जातकुळीतला. पण सुमार वकुबाचा. भौमिकांनी नेमका हाच दुवा उलटवला. आईच्या आजारपणात उपचार मिळाले नाहीत म्हणून निर्मल खेडं निवडतो, आणि तो हुशार आहे. कथेचं खरं बळ मला यातच दिसतं: नवरा वाईट असता तर अनुराधाचं निघून जाणं सोपं होतं. अपघातातल्या तरुणीवर त्याने केलेले उपचार पाहायला आलेले कर्नल त्रिवेदी कौतुक करतात ते शेवटी तिच्या त्यागाचं. निर्मलच्या ते ध्यानातच आलेलं नसतं.

लीला नायडूंचा हा पहिला चित्रपट, संवाद राजेंद्रसिंग बेदींचे. संगीत पं. रविशंकरांचं. ‘जाने कैसे सपनों में’ची चाल त्यांनी स्वतःच घडवलेल्या तिलक श्याम रागावर बांधलेली, ‘हाय रे वो दिन’ जनसंमोहिनी रागात. लताबाईंचा आवाज इथे नायिकेने सोडलेल्या आयुष्याची सतत आठवण देत राहतो. चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि १९६१ साली तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता.