पावणेतीनचा गजर

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून पहाटे साडेपाचला सुटणारं दिल्लीचं विमान प्रवाशाला मोठं सोयीचं. नाश्त्याच्या वेळेला दिल्ली, दिवसभर कामं, रात्री जेवायला पुन्हा पुण्यात. आता तेच विमान कॉकपिटच्या बाजूने उलटं मोजू. साडेपाचचं उड्डाण म्हणजे साडेचारच्या आसपास रिपोर्टिंग. पायलट सिंहगड रोडला राहत असेल तर पिकअपची गाडी साडेतीनला दारात. रस्ते मोकळे असतात, पण गाडी वाटेत आणखी एकाला घेणार असते. आंघोळ, दाढी, युनिफॉर्म धरून गजर पावणेतीनचा. सात तास झोपायचं तर आदल्या संध्याकाळी पावणेआठला डोळा लागला पाहिजे.

तो लागत नाही, आणि यात शिस्तीचा प्रश्न नाही. झोप दोन गोष्टींवर चालते. पहिली म्हणजे जागेपणाचा साचत जाणारा दाब. मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन वाढत जातं तसं डोळे जड होतात. दुसरी म्हणजे मेंदूतलं दैनिक घड्याळ. हे घड्याळ दिवसभर साचलेल्या दाबाला तोलून धरतं, आणि त्याचा जागं ठेवण्याचा जोर सर्वात जास्त असतो तो नेमका संध्याकाळी, नेहमीच्या झोपेच्या दोन-तीन तास आधी. रोज अकराला झोपणाऱ्या माणसाने आठला अंथरूण धरलं तर तो छताकडे बघत पडतो. साडेनऊ-दहाला झोप लागते, ती पावणेतीनला मोडते. पदरात पडतात जेमतेम पाच तास. त्यातही स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, म्हणजे कापला जातो तोच भाग. असे तीन दिवस लागोपाठ आले की तूट साचत जाते.

पहाटे दोन ते सहा हा शरीराचा सर्वात मंद काळ. चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान तळाला असतं आणि प्रतिसादाचा वेगही. झोप मोडलेल्या माणसाची परीक्षा घ्यायची एक साधी रीत आहे: दहा मिनिटं पडद्याकडे बघायचं आणि ठिपका दिसला की बटण दाबायचं. दमलेला माणूस सगळेच ठिपके थोडे थोडे उशिरा टिपतो असं होत नाही. बरेचसे तो वेळेवर टिपतो, आणि मधेच एखाद्याला अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर करतो किंवा तो त्याला दिसतच नाही. कॉकपिटमध्ये धोका या सुटलेल्या ठिपक्यांचा असतो. जमिनीवरच्या हवाई नियंत्रण कक्षाने सांगितलेली उंची बरोबर उच्चारली, पण डायलवर दुसरीच लावली. चेकलिस्टमधली ओळ वाचली, हात मात्र स्विचकडे गेला नाही. एकाच आकड्यावर नजर खिळली आणि वेग घसरतोय हे दिसलंच नाही. दोन पायलट असतात ते एकाच्या हातून निसटलेलं दुसऱ्याने पकडावं म्हणून. पण दोघांचाही गजर पावणेतीनचाच असतो.

1997 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका गाजलेल्या प्रयोगात हे दारूच्या मापाने मोजलं गेलं. सलग 17 तास जागं राहिल्यावर हाता-डोळ्यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्याइतका बिघडतो, 24 तासांनी 0.10 टक्क्यांइतका. आपल्याकडे दारूच्या बाबतीत नियम कडक आहेत आणि ते योग्यच आहे. श्वासात अल्कोहोल शून्य हवं. पहिल्यांदा सापडलं तर परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं. अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा चालत नाही. झोपेसाठी मात्र फुंकायची नळी नाही, तिथे सगळी मदार रोस्टरवर, म्हणजे ड्युट्यांच्या वेळापत्रकावर.

रोस्टर तास मोजतं. भारतात वर्षाला 1000 आणि सात दिवसांत 35 उड्डाण-तास ही कमाल मर्यादा आहे. ‘आठवड्याला पस्तीसच तास? आमचे आयटीवाले एवढं काम तीन दिवसांत करतात,’ असं हिंजवडीत कोणी म्हणेल. पण हे तास विमान जागचं हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचे. रिपोर्टिंग, दोन उड्डाणांमधला वेळ, विमानतळावर विमानाची वाट बघणं, दुसऱ्या शहरात ड्युटीसाठी प्रवासी म्हणून जाणं, यातलं काहीच त्यात येत नाही. दोन उड्डाणांमधल्या अर्ध्या-पाऊण तासात इंधनाचा आकडा ठरवायचा, पुढचं हवामान बघायचं, विमानाला फेरी मारून चाकं, इंजिनं, पृष्ठभाग तपासायचे, नवा मार्ग संगणकात भरायचा, वजनाचा तक्ता पडताळायचा. जेवण यातच उरकतं. तेही दोघांचं वेगवेगळं असावं असा बहुतेक ठिकाणी दंडक आहे, म्हणजे एकाला बाधलं तरी दुसरा ठणठणीत राहतो. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची असल्याने लढाऊ विमानांच्या सरावातून वाट काढावी लागते ती वेगळीच. एका दिवसात चार उतराई, म्हणजे चार लँडिंग, असतील तर चारही वेळा हेच. म्हणूनच उतराई वाढतील तशी ड्युटीची मर्यादा कमी होते.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, जानेवारी 2024 मध्ये नियम बदलले. साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून सलग 48 तास झाली आणि तीत दोन रात्री हव्यातच. नियमातली ‘रात्र’ पूर्वी बारा ते पाच होती, ती बारा ते सहा झाली. रात्रीच्या ड्युटीतल्या उतराई सहावरून दोनवर आल्या. यातला सर्वात मोलाचा बदल तो पाच ते सहाचा एक तास, कारण त्यामुळे नियमातली रात्र शरीराच्या घड्याळाशी जुळली. हे टप्प्याटप्प्याने लागू झालं, शेवटचा टप्पा 1 नोव्हेंबर 2025 ला. महिनाभरातच देशातल्या सर्वात मोठ्या विमानकंपनीला पायलट पुरेनात. डिसेंबरच्या सुरुवातीला हजारो उड्डाणं रद्द झाली, पुण्याचीही, आणि त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. नियम अवघड होता असं तेव्हा बरंच बोललं गेलं. तयारीला पावणेदोन वर्षं मिळाली होती, हे कमी बोललं गेलं.

अर्थात नियमाला कड असतेच. रिपोर्टिंग पाच पंचावन्नला असेल तर ती रात्रीची ड्युटी, सहा वाजून पाच मिनिटांनी असेल तर नाही. गजर दोन्हीकडे चार-सव्वाचारचाच.

डुलकीचंही असंच नाजूक गणित आहे. नासाच्या 1994 च्या अभ्यासात लांब पल्ल्याच्या वैमानिकांना कॉकपिटमध्ये, दुसरा पायलट जागा असताना, आळीपाळीने 40 मिनिटं मिळाली. त्यांना सरासरी 26 मिनिटं झोप लागली, आणि पुढे उतरेपर्यंत ते न झोपलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सावध होते. वेळ मुद्दाम आखडती ठेवली होती. झोप त्यापुढे लांबली की माणूस गाढ झोपेत शिरतो, आणि तिथून उठवलं तर पंधरा-वीस मिनिटं, कधी जास्तच, डोकं जागेवर नसतं. 22 मे 2010 ला मंगळूरला पहाटे सहाच्या सुमारास उतरताना विमान टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या सपाट माथ्यावरच्या, धावपट्टीवरून पुढे गेलं आणि 158 जण गेले. कॉकपिटमधल्या आवाजाच्या दोन तासांच्या नोंदीत सुमारे 1 तास 40 मिनिटं कॅप्टन झोपेत होते, घोरणंही ऐकू येतं. जाग आली ती उतरण्याच्या थोडंच आधी. ‘गो अराउंड’ घ्या, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढा, असं फर्स्ट ऑफिसरने, म्हणजे सहवैमानिकाने, सांगूनही लँडिंग सोडलं गेलं नाही.

थकव्यात हवेचाही वाटा असतो. विमान 36,000 फुटांवर असलं तरी केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगराइतका असतो. कळसूबाईचा माथा 5,400 फुटांचा, म्हणजे पायलटची कचेरी त्याच्याही वर. रक्तातला ऑक्सिजन चार-पाच टक्क्यांनी उतरतो. निरोगी माणसाला त्याने अपाय नाही, पण डोकं जड होतं. आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या आत असल्याने डोळे चुरचुरतात, आणि कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांचे हाल होतात.

अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांची धास्ती मात्र भारतातल्या पायलटने थोडी कमी बाळगली तरी चालेल. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हे किरण ध्रुवांकडे वळवतं आणि विषुववृत्ताजवळ अडवतं. देशांतर्गत उड्डाणांत तासाला साधारण दोन मायक्रोसीव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचं एकक; असे हजार म्हणजे एक मिलिसीव्हर्ट) धरले तर 800 तासांचे वर्षाला 1.6 मिलिसीव्हर्ट होतात. किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांची मर्यादा वर्षाला सरासरी 20 आहे. ध्रुवाजवळून अमेरिकेला जाणाऱ्यांचा हिशोब देशांतर्गतच्या दुप्पट-तिप्पट. आणि काच ऊन अडवते या भरवशावर राहू नये. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी कॉकपिटची काच थांबवते, यूव्हीए काही विमानांत बरंच आत येतं. सनस्क्रीन बॅगेत असावंच.

पगाराबद्दल ऐकणारे नोटीस पिरियडबद्दल ऐकत नाहीत. भारतात कॅप्टनला नोकरी सोडायला एक वर्ष आधी नोटीस द्यावी लागते, फर्स्ट ऑफिसरला सहा महिने. रोस्टर पटलं नाही म्हणून पुढच्या महिन्यात दुसरीकडे, असं जमत नाही.

उरली रात्रपाळीनंतरची झोप. सकाळी आठला ड्युटी संपते आणि बाहेर ऊन चढलेलं असतं. सकाळचा उजेड हाच घड्याळाला ‘दिवस सुरू’ असं सांगणारा सर्वात मोठा इशारा, म्हणून विमानतळाबाहेर पडल्यापासून घरी पोचेपर्यंत गडद गॉगल. गाडी मात्र दुसऱ्याने चालवावी. चहा-कॉफी ड्युटीच्या पूर्वार्धातच संपवायची, कारण कॅफिनचा निम्मा अंश पाचेक तासांनीही रक्तात असतो. खोली काळोखी आणि थंड ठेवायची. एवढं करूनही दिवसाची झोप रात्रीपेक्षा दोन-तीन तासांनी तोकडीच पडते, कारण शरीराचं तापमान चढत असतं. खाली भाजीवाला, वर कुणाचं तरी ड्रिलिंग, आणि साडेअकराला कुकरची शिट्टी. उठून जेवावं आणि पुन्हा आडवं व्हावं. दुपारी एक ते चारमध्ये घड्याळाचा जोर पुन्हा उतरतो, तेव्हा झोप सहज लागते. पुण्यात या वेळात बेल वाजवणाऱ्याकडे कसं बघतात ते सांगायला नको. गजर नव्वद मिनिटांचा लावायचा. चारनंतर झोपलं तर रात्री अकराला पुन्हा छताकडे बघणं आलं.