गिरण्यांची जमीन आणि गिरणगावाला न मिळालेली मैदाने

मुंबईत मोकळ्या जागेचा प्रश्न निघाला की 'जमीनच कुठे आहे?' असे विचारले जाते. पण शहराच्या मध्यावर, सगळ्यात दाट कामगार वस्तीत, म्हणजे गिरणगावात, कापड गिरण्यांची सुमारे 600 एकर जमीन मोकळी होऊ घातली होती आणि तिचा तिसरा हिस्सा उद्याने-मैदानांसाठी राखण्याचा नियमही झाला होता.

शहरातली विषमता त्याआधीची आहे. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये शहराच्या सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या दादर-माटुंगा योजनेत रुंद रस्ते आले, झाडे आली, पाच उद्याने आली. शिवाजी पार्क 1925 मध्ये खुले झाले. ही वस्ती मुख्यतः मध्यमवर्गाची होती. परळ, लालबाग, वरळीच्या वाट्याला आल्या चाळी. एकेका खोलीत पाळीप्रमाणे झोपणारी माणसे रात्री पदपथावर पथारी टाकत. कामगार मैदान, नरे पार्क, वरळीच्या बीडीडी चाळींमधले जांबोरी मैदान या मोजक्या जागांवरच सभा, कबड्डी, दहीहंडी असे सगळे होई. गिरणगावाचे सार्वजनिक आयुष्य उभे राहिले ते एवढ्याशा जमिनीवर.

जानेवारी 1982 मध्ये कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा धडपणे चालल्याच नाहीत. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 वा नियम आला: गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश उद्याने-मैदानांसाठी पालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. मला हा नियम आजही न्याय्य वाटतो. ज्यांच्या श्रमांवर या गिरण्या चालल्या त्यांच्या मुलाबाळांना खेळायला जागा आणि राहायला घर मिळण्याची तरतूद त्यात होती. शिवाय जागा मिळणार होती ती नेमकी तिथेच, तुटवडा होता तिथे. मालक मात्र पुढे येईनात. जितकी जास्त जमीन मोकळी करावी तितका जास्त वाटा सोडावा लागणार होता. 1996 मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सार्वजनिक वाट्याचे तुकडे न पाडता सलग, मोठ्या जागा तयार करण्याची आखणी मांडली. ती कागदावरच राहिली.

2001 मध्ये सरकारने नियम बदलला. वाटणी आता संपूर्ण जमिनीची नव्हे, तर आधीपासून बांधकाम नसलेल्या भागाचीच होणार होती. गिरणीचे आवार बहुतेक खात्यांच्या इमारतींनी आणि गोदामांनी भरलेले असते, त्यामुळे शेड पाडून मोकळी होणारी जमीन जवळजवळ सगळी मालकाकडे राहिली. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप ही पर्यावरण संस्था उच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबर 2005 मध्ये निकाल लोकांच्या बाजूने लागला, पण मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि 2001 ची दुरुस्ती कायम केली. त्या निकालानंतर एकेक चिमणी पडली आणि तिथे टॉवर, मॉल, कार्यालये उभी राहिली. त्यांच्या आवारात हिरवळ आहे, कारंजी आहेत, पण फाटकावर सुरक्षारक्षकही आहे.

केंद्राच्या 2014 च्या नगररचना मार्गदर्शिकेत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. मुंबईकराच्या वाट्याला दोन चौरस मीटरही येत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे शंभर चौरस किलोमीटर जंगल दाखवून काही जण हा आकडा फुगवतात. लालबागच्या मुलाला संध्याकाळी शाळेतून येऊन तिथे खेळायला जाता येत नाही. आहेत ती मैदानेही सुरक्षित नाहीत. देखभालीसाठी खासगी संस्थांना दत्तक दिलेल्या काही भूखंडांवर क्लब उभे राहिले, आणि 2016 मध्ये पालिकेने मंजूर केलेले नवे दत्तक धोरण लोकांच्या विरोधानंतर थांबवावे लागले.

आता चर्चा आहे महालक्ष्मी रेसकोर्सची. 2024 मध्ये त्याच्या 211 एकरांपैकी 120 एकर पालिकेकडे देण्याचे ठरले. किनारी रस्त्याच्या भरावावरची जागा जोडून मोठे उद्यान करायचे आहे. ना. म. जोशी मार्गावरच्या चाळी तिथून रेल्वे ओलांडली की लागतात. म्हणून आराखड्यात पहिल्यांदा पाहायला हवे ते हे: डॉ. ई. मोझेस रस्त्याच्या बाजूने किती फाटके आहेत, ती पहाटे आणि रात्री उघडी राहणार का, आणि महालक्ष्मी स्टेशनवरून तिथपर्यंत लहान मुलाला सुरक्षित चालत जाता येईल का.