जास्त टाके म्हणजे चांगलं मशीन? नाही!

पहिलं शिलाई मशीन घ्यायचं म्हटलं की गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत एकच सल्ला मिळतो: "जास्त टाक्यांचं घे, पुढे उपयोगी पडेल." नवशिक्यांचे पैसे यात वाया जातात, म्हणून कळकळीने सांगते, हा समज चुकीचा आहे.

खोक्यावर टाक्यांचे २१ प्रकार लिहिलेले असोत की ६०, परकर, अभ्रे, पडदे यांना लागतो सरळ टाका. कडांचे दोरे सुटू नयेत म्हणून झिगझॅग, शिवाय काजं. बस्स. बाकीची बरीचशी नक्षी म्हणजे सुईचं डावं-उजवं हलणं आणि खालच्या दात्यांनी कापड सरकवणं, यांचीच निरनिराळी जुळणी. तिने शिवण पक्की होत नाही.

दुकानात जाताना मलमलचा आणि जुन्या जीन्सचा तुकडा सोबत न्या. मलमलला ११ नंबरची सुई, जीन्सला १६. जीन्स चारपदरी करून सावकाश शिवा. मोटर अडखळते का ते कानांनी ऐका. मग कापड उलटून पाहा. खाली दोऱ्याची वेटोळी दिसली तर लगेच मशीनला दोष देऊ नका. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, उचलून वरचा दोरा पुन्हा ओवा. फूट खाली असताना दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही.

बॉबिन (खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ) आणि दुरुस्ती म्हापशात किंवा मडगावात मिळेल का, हेही विचारा. आपल्या पावसाळ्यात दमट हवेने सुया गंजतात; गंजलेली सुई मलमल ओढते, ती फेकूनच द्या.