फ्युमिगेशन वेगळे, पक्षी असताना केलेले फॉगिंग वेगळे

२००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून साथीची बातमी आली की कोंबडीपालकांचे फवारणी पंप बाहेर निघतात. शेडमध्ये पांढरे धुके पसरले म्हणजे हवा निर्जंतुक झाली, असे त्यानंतर खात्रीने सांगितले जाते. रिकाम्या शेडमध्ये फ्युमिगेशन (जंतुनाशक वायूची धुरी) जे काम करते, तेच काम पक्षी असताना फॉगिंग (जंतुनाशकाच्या बारीक थेंबांचे धुके फवारणे) करते, हा त्यामागचा समज असून तो चुकीचा आहे.

फ्युमिगेशन बहुतेकांना ठाऊक असल्याने त्याविषयी थोडक्यात. कोंबड्यांची बॅच गेल्यावर, जुने लिटर (जमिनीवर अंथरलेला तूस) उचलून शेड धुतल्यावर, दर १०० घनफुटांना २० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट आणि ४० मिली फॉर्मेलिन (फॉर्मल्डिहाइडचे पाण्यातील द्रावण) हे नेहमीचे प्रमाण घेतले जाते. परमँगनेट आधी खोल धातूच्या किंवा मातीच्या भांड्यात ठेवून त्यावर फॉर्मेलिन ओतायचे. उलट कधीही करू नये, कारण मिश्रण उसळते. त्यातून सुटणारे फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग निर्माण करते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलेले असताना नाकाला रुमाल बांधून हे काम करणारे लोक अजूनही दिसतात, याचा खरोखर संताप येतो.

आता खरा फरक. फॉर्मल्डिहाइड हा वायू आहे. तो आपोआप सगळीकडे पसरतो, फटीत शिरतो आणि जागा बंद असेल तोवर टिकतो. फॉगरमधून निघतात ते पाण्याचे थेंब, आणि थेंबाला वजन असते. पाठीवरच्या पंपाचा १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब दहा फुटांवरून दहा-बारा सेकंदांत तुसावर येऊन बसतो, म्हणजे त्याने हवा नव्हे, लिटर ओले केले. दहा मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत पंधरा मिनिटांहून अधिक काळ तरंगतो, पण आपल्याकडच्या उघड्या बाजूंच्या शेडमध्ये हवा स्थिर कुठे असते? शेड ३० फूट रुंद असेल आणि सेकंदाला एक मीटर इतकी साधी झुळूक आडवी वाहत असेल, तर ते धुके नऊ-दहा सेकंदांत पलीकडच्या जाळीतून बाहेर जाते.

मग पडदे बंद करून फवारावे, असे सुचवले जाते, आणि नेमके इथेच नुकसान सुरू होते. फ्युमिगेशनला बंद जागा लागते; जिवंत पक्ष्यांना खेळती हवा लागते. पडदे ओढले की लिटरमधून निघणारा अमोनिया आत कोंडतो. त्याचे प्रमाण दशलक्षात २५ भागांच्या वर गेले की श्वासनलिकेतील केसांसारखे सूक्ष्म तंतू निकामी होऊ लागतात आणि जंतूंना बाहेर ढकलणारी पक्ष्याची स्वतःची यंत्रणा मोडते. त्यातच फवाऱ्याने तूस भिजला, तर अमोनिया आणखी वाढतो आणि रक्ती हगवण घडवणाऱ्या कॉक्सिडिया या सूक्ष्म परजीवींना हवा तसा ओलावा मिळतो. या परजीवींच्या अंड्यांवर बहुतेक जंतुनाशकांचा परिणामच होत नाही. रोज शेडमध्ये वावरणाऱ्याचे नाक या वासाला सरावलेले असते, म्हणून खाली बसून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन पाहावे. डोळे चुरचुरले, तर पंप बाजूला ठेवून पडदे उघडावेत आणि ओल्या जागेचा तूस बदलावा.

शिवाय रिकाम्या शेडमध्ये जंतूंचा नवा पुरवठा थांबलेला असतो, तर भरलेल्या शेडमध्ये विष्ठा, पिसांचा कोंडा आणि आजारी पक्ष्याचा श्वास यांमधून तो अखंड चालू असतो. त्यामुळे पक्ष्यांवर चालेल अशा, तसे लेबलवर लिहिलेल्या जंतुनाशकाची योग्य फवारणीसुद्धा धूळ बसवते आणि हवेतील जंतू थोड्या वेळापुरते कमी करते, इतकेच. तेवढ्यापुरती ती उपयोगी आहे. तिला खेळत्या हवेचा किंवा दोन बॅचमधील सफाईचा पर्याय मानू नये.

यंत्रे, नोझल आणि कंपन्यांमधील फरक मला गौण वाटतात. उन्हाळ्यात गारव्यासाठी लावलेल्या फॉगरच्या टाकीत जंतुनाशक ओतून दिवसभर ते चालू ठेवणे मात्र मला अजिबात मान्य नाही, कारण मात्रेवर कोणाचेच नियंत्रण राहत नाही आणि बारीक थेंब थेट पक्ष्यांच्या श्वासात जातात.

रानीखेत या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची लासोटा लस फवाऱ्याने किंवा पाण्यातून द्यायची असेल, तर त्या दिवशी आणि मागेपुढे एक-एक दिवस जंतुनाशकाची फवारणी पूर्ण बंद ठेवावी, पाण्यात क्लोरीनही टाकू नये आणि लसीसाठी जंतुनाशक कधीही न भरलेला वेगळा पंप ठेवावा. लसीतला विषाणू जिवंत असतो आणि जंतुनाशक त्यालाही मारते.