अभिसरण, महासागरी
अभिसरण, महासागरी : महासागराच्या पाण्याची पृष्ठभागापासून तळापर्यंत चालणारी संथ पण अखंड उलथापालथ आणि तिच्याबरोबर होणारे उष्णता, लवणे व विरघळलेले वायू यांचे वहन. वाऱ्यामुळे निर्माण होणारे पृष्ठप्रवाह आणि घनतेतील फरकांशी निगडित असलेले खोल अभिसरण असे याचे दोन भाग करण्याची प्रथा आहे. विभागणी सोयीची आहे. मात्र दोन्हींचे चालक समजले जात होते तितके वेगळे नाहीत.

पाण्याचे गुणधर्म : समुद्राच्या पाण्याची घनता तापमान, लवणता व दाब या तिन्हींवर अवलंबून असते. सरासरी लवणता दर किग्रॅ. पाण्यात सु. ३५ ग्रॅ. असते. तांबड्या समुद्रात ती ४० ग्रॅ.च्या आसपास जाते, तर बाल्टिक समुद्रात पुष्कळ ठिकाणी १० ग्रॅ.पेक्षाही कमी भरते. लवणता बदलली, तरी प्रमुख घटकांचे परस्परांशी प्रमाण जवळजवळ स्थिर राहते. चॅलेंजर या ब्रिटिश सागरी संशोधन मोहिमेत (१८७२–७६) गोळा केलेल्या ७७ नमुन्यांचे विश्लेषण करून विल्यम डिटमार यांनी १८८४ मध्ये हे पक्के केले. त्यामुळेच पूर्वी क्लोराइडावरून आणि आता विद्युत् संवाहकतेवरून लवणता काढता येते.

गोडे पाणी ४° से. तापमानाला सर्वांत जड असते. लवणता सु. २४.७ ग्रॅ.पेक्षा जास्त असेल, तर मात्र पाणी गोठेपर्यंत (३५ ग्रॅ. लवणतेस सु. –१.९° से.) जडच होत जाते. अलेक्झांडर मार्सेट यांच्या १८१९ मधील प्रयोगांतून समुद्राच्या पाण्याचे हे वेगळेपण दिसले होते. तरीही जेम्स क्लार्क रॉस यांच्या अंटार्क्टिक मोहिमेनंतर (१८३९–४३) खोल समुद्र सर्वत्र ४° से.च्या आसपास असतो, हा समज बराच काळ टिकला. त्या वेळच्या तापमापकांचे फुगे दाबापासून संरक्षित नसत. खोलीवर ते दाबले जात आणि तापमान वाजवीपेक्षा जास्त दिसे.

पृष्ठप्रवाह : नॉर्वेजियन संशोधक नान्सेन यांच्या फ्राम जहाजाच्या आर्क्टिक सफरीत (१८९३–९६) बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता तिच्या उजवीकडे २०° ते ४० अंशांनी वळून वाहत असल्याचे आढळले. व्ही. डब्ल्यू. एकमन यांनी १९०५ च्या निबंधात याचे गणित मांडले. कोरिऑलिस प्रेरणेमुळे (पृथ्वीच्या परिवलनामुळे गतीची दिशा वळविणाऱ्या प्रेरणेमुळे) पाण्याचा प्रत्येक थर वरच्या थरापेक्षा थोडा अधिक वळतो, आणि एकूण वहन उत्तर गोलार्धात वाऱ्याच्या काटकोनात उजवीकडे, तर दक्षिण गोलार्धात डावीकडे होते. त्यामुळे उपोष्ण कटिबंधात पाणी मध्याकडे साचते व त्याभोवती मोठी चक्रे फिरतात. या चक्रांचे पश्चिमेकडील प्रवाह अरुंद व वेगवान का असतात, याचा उलगडा हेन्री स्टॉमेल यांनी १९४८ मध्ये केला : कोरिऑलिस प्रेरणा अक्षवृत्तानुसार बदलते. गल्फ प्रवाह व कुरोशिवो ही परिचित उदाहरणे. सोमाली प्रवाह मात्र मोसमी वाऱ्यांबरोबर वर्षातून दोनदा दिशा बदलतो.

प्रवाहाचे वहन स्व्हेरड्रूप या एककात (सेकंदास दहा लाख घ. मी.) मोजतात. जगातील सर्व नद्यांचे मिळून ते सु. १ स्व्हेरड्रूप भरते, तर अंटार्क्टिकाभोवतीच्या प्रवाहाचे १३० पेक्षा जास्त.

खोल पाण्याचा उगम : पृष्ठावरचे पाणी तळाकडे जाण्याइतके जड होते अशी ठिकाणे मोजकीच आहेत : लॅब्रॅडॉर समुद्र, ग्रीनलंड–नॉर्वे यांमधील समुद्र, आणि अंटार्क्टिकाजवळील वेडेल व रॉस समुद्रांसारखे किनारी भाग. बर्फ गोठताना लवणे मागे राहतात, त्यामुळे या शेवटच्या भागांतील पाणी आणखी जड होते. उत्तर पॅसिफिकचे पृष्ठजल थंड असूनही कमी खारे आहे. म्हणून तेथे तळापर्यंत बुडणारे पाणी तयार होत नाही. परिणामी तेथील खोल पाणी सर्वांत जुने आहे. किरणोत्सर्गी कार्बनावरून त्याचा वातावरणाशी शेवटचा संपर्क हजार वर्षांहून अधिक पूर्वीचा ठरतो.

चालकाचा प्रश्न : हेन्री एलिस या जहाजाच्या कप्तानाने १७५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात उष्ण अटलांटिकच्या खोल पाण्याचे तापमान नोंदले. वर कडक ऊन आणि खाली गार पाणी हे त्याला नवल वाटले. त्या पाण्याचा त्याने स्नानासाठी व मद्य गार करण्यासाठी उपयोग केला. हे पाणी ध्रुवीय प्रदेशांतून येत असले पाहिजे, हा निष्कर्ष रम्फर्ड यांनी १८ व्या शतकाच्या अखेरीस, बहुधा १७९७ च्या सुमारास, काढला.

पुढचा वाद कारणाचा. एकोणिसाव्या शतकात रेनेल वाऱ्याच्या, तर मोरी घनतेतील फरकाच्या बाजूचे होते. १८७० च्या दशकात कार्पेंटर व क्रोल यांच्यात तोच वाद पुन्हा पेटला : ध्रुवांकडील थंडीच पाणी हलवते, असे कार्पेंटर म्हणत, तर घनतेतील फरकामुळे समुद्रपृष्ठाला येणारा उतार घर्षणावर मात करण्यास फार क्षीण आहे, असे क्रोल यांचे उत्तर. स्वीडिश शास्त्रज्ञ सँडस्ट्रम यांनी १९०८ मध्ये दाखविले, की तापविण्याचे स्थान थंड होण्याच्या स्थानापेक्षा खोल असल्याशिवाय जोमदार अभिसरण टिकत नाही. समुद्र तर वरून तापतो व वरूनच थंड होतो, म्हणजे ही अट तेथे पुरी होत नाही. जेफ्रीझ यांनी १९२५ मध्ये यावर आक्षेप घेतला : आडव्या दिशेतील तापमानाचा कोणताही फरक काही ना काही गती देतोच. आक्षेप योग्य आहे. परंतु ती गती किती, हा मुद्दा त्यातून सुटत नाही.

वॉल्टर मंक यांनी १९६६ मध्ये उलट्या बाजूने विचार केला. बुडालेले पाणी कोठेतरी वर आलेच पाहिजे. सर्वत्र सारखेच वर येत असेल, तर वेग दिवसाला सु. १ सेंमी. ठरतो, आणि त्यासाठी वरची ऊब खाली मिसळवणारे मंथन लागते. प्रत्यक्षात खुल्या समुद्रातील मंथन त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेच आढळले. खडबडीत तळावर मात्र ते कितीतरी जास्त असते. मंक व वुन्श यांनी १९९८ मध्ये या मंथनासाठी सु. २ टेरावॉट (दोन लाख कोटी वॉट) शक्ती लागेल असा अंदाज केला. ती वारा व भरती-ओहोटी यांतूनच मिळू शकते. दुसरे मत असे, की दक्षिण महासागरातील पश्चिमी वारे पृष्ठजल उत्तरेकडे ढकलतात आणि खोल पाणी तिरप्या घनतास्तरांवरून (समान घनतेच्या थरांवरून) वर येते, तेव्हा फारशा मंथनाची गरजच नाही. दोन्ही यंत्रणा कार्यरत असाव्यात. वरच्या दोन-तीन किमी.च्या बाबतीत वाऱ्याची बाजू वरचढ वाटते. या दृष्टीने ‘उष्ण-लवणीय अभिसरण’ हे रूढ नाव पाणी कोठे बुडते ते सांगते, त्याला कोण हलवते ते नाही. ब्रेकर यांनी १९८० च्या दशकात लोकप्रिय केलेली ‘वाहक पट्ट्या’ची आकृतीही तशीच : स्मरणात राहते, पण समुद्रात असा सलग पट्टा वाहत नाही.

निरीक्षणे : अटलांटिकमध्ये २६.५° उत्तर अक्षवृत्तावर २००४ पासून तारेला बांधलेली मोजयंत्रे आहेत. तेथील उलथापालथ सरासरी सु. १७ स्व्हेरड्रूप भरते. आर्गो तरंगकांचे (पाण्यात खाली-वर जाऊन मोजमाप करणाऱ्या स्वयंचलित यंत्रांचे) जाळे मुख्यतः २,००० मी. खोलीपर्यंतचे मोजते, आणि समुद्राचे निम्म्याच्या आसपास पाणी त्याखाली आहे.